कठडा कोणी बांधायचा?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे. त्याचा आशय असा, की नवे घर बांधताना गच्चीला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. यज्ञ, सण, शुद्धाशुद्ध, वारसाहक्क अशा मोठ्या विषयांच्या गर्दीत हा गवंडीकामाचा नियम आपण सहज ओलांडून जातो. मीही अनेक वर्षे तसाच ओलांडून गेलो. उपदेशासाठी त्यात काही सापडेल असे मला कधी वाटले नव्हते. एका सफाईकाम करणाऱ्या मावशींच्या दुखण्याने तो मला पुन्हा वाचायला लावला.

या नियमात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की पडणारा कोण हे नियम विचारीत नाही. तो घरधनी असेल, पाहुणा असेल, धान्य वाळत घालायला वर चढलेला गडी असेल. कठडा सर्वांसाठी एकच. दुसरी ही, की पडणाऱ्याने पाहून चालायला हवे होते, ही सबब येथे ऐकून घेतलेली नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही, की कठडा आधी बांधायचा आहे. माणूस पडल्यावर धावत जाणे ही दया झाली. तो पडू नये म्हणून आधी भिंत घालणे हा न्याय होय. आणि आपल्या सेवाकार्यात आपण दयेत जितके तत्पर असतो तितके न्यायात नसतो, हे मला अनुभवाने सांगावे लागत आहे.

सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी एक लहान रुग्णालय आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्या एकट्याचा नाही, आणि त्यातला काही माझाही आहे. २०१७ साली तेथील स्थानिक समितीवर मी मंडळीचा प्रतिनिधी म्हणून बसत असे. एका बैठकीत मेट्रनबाईंनी एक कागद पुढे ठेवला. रुग्णालयात काम करणारी एकंदर ३४ माणसे. त्यांपैकी हिपॅटायटिस-बीची लस कोणी घेतली आहे आणि कोणी नाही, याची ती यादी होती. तिन्ही डॉक्टरांनी ती घेतलेली होती. ११ सिस्टरांपैकी सात जणींना प्रशिक्षणाच्या काळातच मिळाली होती. लॅबमधली दोन मुले राहिली होती. उरलेली १८ माणसे म्हणजे आयाबाई, वॉर्डातले मामा, धोबी, झाडलोट करणारे आणि कचरा उचलणारे. त्यांच्या नावांपुढचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

चर्चा फार झाली नाही. एक सभासद म्हणाले, सफाईची माणसे ठेकेदाराची आहेत, आपली नव्हेत. दुसरे म्हणाले, यंदा सिस्टरांचे आणि लॅबचे उरकून घेऊ, बाकीच्यांचे पुढील वर्षी पाहू. तसा ठराव झाला. ठरावाला अनुमोदन माझे होते. त्याच बैठकीत वर्धापनदिनाच्या मंडपाचा आणि जेवणाचा खर्च आम्ही एका मिनिटात मंजूर केला. तेव्हा त्यात मला काहीच विसंगत वाटले नाही.

ते 'पुढील वर्ष' यायच्या आधीच प्रसूतिगृहाचा कचरा उचलणाऱ्या मावशींच्या बोटात सुई गेली. रक्ताळलेल्या कापसाच्या पिशवीत कोणीतरी ती तशीच टाकली होती. त्यांनी बोट लुगड्याच्या पदराला पुसले आणि काम पुढे चालू ठेवले. सुमारे तीन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले.

मी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. प्रार्थना झाल्यावर सहज विचारले, "मावशी, सुई टोचली तेव्हा लगेच सिस्टरांना का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "भाऊ, सांगून काय झालं असतं? लक्ष कुठं असतं तुझं, असंच म्हणाले असते ना? त्यात ठेकेदाराला कळलं असतं तर दुसरी बाई लावली असती." या उत्तरावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

येथे थोडे या रोगाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ वाचकांना कावीळ म्हणजे दूषित पाण्याने होणारी एवढेच ठाऊक असते. ती कावीळ निराळी. हिपॅटायटिस-बीचा विषाणू रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो, आणि यकृताला धरतो. बाळंतपणात आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून, न तपासलेल्या रक्तातून आणि दूषित सुईतून तो एकाचा दुसऱ्याला लागतो. भारतात दर शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांच्या अंगात तो असतो, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून दोनशे माणसे आली, तर त्यांत चार-आठ जण असे असू शकतात, की ज्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाच काही कळणार नाही.

सुईच्या बाबतीत हा विषाणू फार चिवट आहे. एड्सच्या विषाणूची आपल्याला धास्ती वाटते. पण त्या विषाणूने दूषित झालेली सुई टोचल्यास साधारण तीनशेत एकाला लागण होते. हिपॅटायटिस-बीने दूषित झालेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरातून सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. शिवाय वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस टिकून राहतो. त्यामुळे ज्याने रोगी पाहिलाही नाही अशा धोब्याला आणि कचरा उचलणाऱ्यालाही तो गाठतो. मोठ्या वयात लागण झालेल्यांपैकी बहुतेक जण बरे होतात. परंतु शंभरातून पाचांपर्यंत माणसांच्या अंगात तो कायमचा वस्तीला राहतो आणि पुढे यकृत आक्रसून जाते किंवा त्याचा कर्करोग होतो. तान्ह्या बाळाला लागण झाली तर मात्र शंभरातून नव्वद वेळा तो कायमचा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या आपल्या अहवालात असा अंदाज दिला होता, की जगातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३० लाखांना दर वर्षी दूषित सुईची किंवा तत्सम धारदार वस्तूची इजा होते, आणि त्यांतील २० लाखांच्या बाबतीत ती हिपॅटायटिस-बीने दूषित असते. मावशींचे बोट हे त्या २० लाखांतले एक.

आता याच रोगाची दुसरी बाजू पाहा. अमेरिकन संशोधक बारुक ब्लमबर्ग यांनी १९६५ साली ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात आढळलेल्या एका अनोळखी पदार्थाविषयी लिहिले. पुढे तो याच विषाणूचा अंश ठरला, आणि १९७६ साली ब्लमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली अमेरिकेत पहिल्या लशीला मंजुरी मिळाली. १९८६ साली यीस्टच्या साहाय्याने तयार केलेली लस आली. भारतात ती बाहेरून येत असे आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशातच तयार करून किमतीच्या फार थोड्या भागात बाजारात आणली. संस्थापक वरप्रसाद रेड्डी यांनी कंपनीला आपल्या आईचे नाव दिले होते. २०११ सालापासून ही लस देशभरातील बालकांना सरकारी लसीकरणात मिळू लागली. परंतु आज रुग्णालयात पस्तिशी-चाळिशीच्या पुढची जी माणसे राबत आहेत, त्यांच्या लहानपणी ती नव्हती. त्यांना ती कोणीतरी मुद्दाम दिल्याशिवाय मिळत नाही.

तीन टोचण्या: आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. निरोगी प्रौढांपैकी शंभरात नव्वदाहून अधिक जणांना त्याने संरक्षण मिळते. खर्च माणशी काही शे रुपये. जिथे भिंत घालणे एवढे सोपे आहे, तिथे ती न घालण्याला आपण कोणती कारणे देतो? मी ऐकलेली, आणि काही वेळा स्वतः दिलेली, तीन कारणे येथे तपासून पाहू.

पहिले कारण असे, की सेवेत धोका असायचाच. हे वाक्य ऐकायला फार भक्तीचे वाटते. आपल्या मंडळ्यांतून कित्येक पिढ्या मुली परिचारिका होण्यासाठी बाहेर पडल्या, त्या सुखासाठी नव्हे. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ साली पुण्याच्या प्लेगात एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेले, आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले. त्या मृत्यूपुढे मान लवते. पण ती का लवते, याचा विचार करावा. सावित्रीबाईंनी धोका स्वतः ओळखला, स्वतः पत्करला, आणि स्वतःचा देह त्यात घातला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. दोघांनीही दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही.

त्याग हा शब्द माणसाने फक्त स्वतःपुरता वापरावा. समितीने खुर्चीत बसून मावशींच्या वतीने त्याग करणे याला त्याग म्हणत नाहीत. मावशींना धोका किती हे कोणी सांगितले नव्हते, लस असते हेही सांगितले नव्हते, आणि नाही म्हणण्याची त्यांची परिस्थिती नव्हती. त्यांनी काहीच अर्पण केले नाही. त्यांच्याकडून ते घेतले गेले. आणि घेतल्यावर त्याला 'सेवा' हे पवित्र नाव आम्ही दिले, हे अधिक वाईट.

दुसरे कारण विश्वासाचे. देवाचे काम करतो, देव राखील. एका सिस्टरांनी लस घ्यायची टाळाटाळ करताना मला हेच सांगितले होते. प्रार्थनेवर माझाही विश्वास आहे. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन नेमका हाच सल्ला दिला, की उडी टाक, देव झेलील. तोही शास्त्राचा आधार देऊन. प्रभूने ते मान्य केले नाही. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर भरवसा ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे कायमचे ठरून गेले. देव राखतो, पण राखण्याची जी साधने त्याने माणसाच्या बुद्धीतून आपल्या हाती दिली, ती नाकारून पुन्हा त्याच्याकडेच हात पसरणे हा विश्वास नव्हे. आणि स्वतःपुरते कोणी तसे धाडस केले तरी एक वेळ समजू शकते. पण संस्थेने आपल्या नोकरांच्या जिवावर ते करू नये.

तिसरे कारण पैशाचे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ग्रामीण रुग्णालये खरोखरच ओढगस्तीत चालतात. औषधाची उधारी, डॉक्टर टिकत नाहीत, विजेचा भरवसा नाही, निम्मे रोगी बिल चुकते करू शकत नाहीत. हे सर्व मी जवळून पाहिले आहे. तरीही माझ्या लक्षात असे आले, की आमच्या त्या बैठकीत पैशाचे कारण आम्ही यादीच्या तळालाच लावले, वरच्या टोकाला नाही. डॉक्टरांच्या लशीच्या वेळी पैसा आड आला नव्हता. म्हणजे खरी अडचण पैशाची नव्हती. कोणाचे रक्त किती मोलाचे, याचा एक हिशेब आमच्या मनात न बोलता झालेला होता. त्या हिशेबात पगार जितका कमी तितके रक्त स्वस्त. आणि जातीची जुनी सावलीही त्यावर पडलेली नव्हती, असे मी छातीला हात लावून म्हणू शकत नाही. सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते आणि ते करणाऱ्याचे दुखणे कोणाला टोचत नाही, हे या देशात कोणाला शिकवावे लागत नाही. ख्रिस्ताच्या मेजाभोवती सर्व समान बसतात असे आपण सांगतो. मग लशीच्या यादीतही तसे बसता आले पाहिजे.

'ती आमची माणसे नव्हेत' या म्हणण्यालाही कायद्यात आधार नाही, हे मला फार उशिरा कळले. २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की आपल्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस-बी व धनुर्वात यांसारख्या रोगांपासून लशीचे संरक्षण देणे ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे आमचा २०१७ सालचा ठराव नुसता कोत्या मनाचा नव्हता. तो नियमाच्या विरुद्ध होता. अमेरिकेने १९९१ सालीच नियम केला, की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मालकाने ही लस विनामूल्य देऊ करावी; कामगाराला नको असेल तर त्याने तसे लिहून द्यावे. त्या देशात १९८३ ते १९९५ या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांतील या रोगाची लागण सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. त्या नियमातली दुसरी अर्धी बाजूही मला आवडते. लस देऊ करणे हे मालकाचे कर्तव्य, पण घ्यायची की नाही हे माणसाला समजावून त्याच्यावर सोपवायचे. हुकूम करून दंड टोचणे हा मावशींचा मान राखण्याचा मार्ग नव्हे. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे, प्रश्न विचारू द्यावेत.

शहरापेक्षा खेड्यात या कठड्याची गरज अधिक आहे, हेही सांगितले पाहिजे. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचल्यास लशीबरोबर हिपॅटायटिस-बीचे इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, शक्य तर २४ तासांच्या आत. ते महाग असते आणि तालुक्याच्या औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाही. रात्री दोन वाजता बाळंतपणात सुई टोचलेल्या सिस्टरने पहाटेची एसटी धरून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तेथे शोधायचे, नसेल तर आणखी पुढे जायचे. ज्याने तीनही टोचण्या घेतल्या आहेत आणि नंतर रक्त तपासून संरक्षण आल्याची खात्री केली आहे, त्याला यांतले काहीच करावे लागत नाही. नंतरचा उपाय जेथे दूर आहे, तेथे आधीचाच उपाय धरला पाहिजे.

लस हा कठड्याचा मोठा दगड. पण एका दगडाचा कठडा होत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण बसवू नये, कारण टोचण्याचा एक मोठा प्रसंग तोच. जेथे इंजेक्शन दिले जाते तेथेच, हाताच्या अंतरावर, सुया टाकण्याचा न भोसकला जाणारा पांढरा डबा असावा, आणि तो काठोकाठ भरू देऊ नये. कचरा उचलणाऱ्याला तपासणीचे पातळ मोजे नव्हे, तर जाड मोजे आणि बूट द्यावेत. तिसऱ्या टोचणीनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे, कारण वय वाढते तशी लस काहींना लागू पडत नाही, आणि त्यांना ती पुन्हा द्यावी लागते. लस ठेवायच्या फ्रिजमध्ये ती गोठू देऊ नये. गोठलेली लस निकामी होते. सुई टोचलीच तर जखम साबणाने व पाण्याने धुवावी, पिळत बसू नये, आणि ताबडतोब सांगावे. ते लिहून ठेवण्यासाठी एक वही असावी.

यांतले सर्वांत अवघड काम त्या वहीचे आहे. डबा पैशाने येतो. पण 'मला सुई टोचली' हे सांगण्याचे धैर्य पैशाने येत नाही. सांगणाऱ्याला पहिला शब्द कोणता ऐकू येतो, यावर ते अवलंबून असते. 'लक्ष कुठं असतं तुझं?' हा शब्द ऐकू आला, तर ती वही कोरीच राहील, आणि समितीपुढे मोठ्या समाधानाने सांगितले जाईल की वर्षभरात एकही प्रसंग घडला नाही. आमच्याही रुग्णालयाची वही कोरीच होती. दोषांच्या भीतीने माणसे मुकी होतात, हे पापकबुलीचे महत्त्व सांगणाऱ्या आपल्या मंडळ्यांना तरी कळायला हवे होते.

वाचकहो, येथवर मी रुग्णालयांविषयी बोललो. परंतु या कठड्याला आपल्यातील प्रत्येकाचा एक दगड लागतो. साधा ताप आला तरी 'सुई दिल्याशिवाय बरे वाटत नाही' असे आपण डॉक्टरांना म्हणतो. गोळीने भागत असताना मागून घेतलेली प्रत्येक सुई नंतर कोणाला तरी उचलावी लागते. आणि जेथे सुयांची अशी मागणी असते, तेथेच एक सुई अनेकांना वापरण्याचा मोह होतो. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे याच रोगाची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. त्या साथीचे मूळ वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरण्यात सापडले. कर्मचाऱ्याची सुरक्षितता आणि रोग्याची सुरक्षितता ही दोन घरे नव्हेत. गच्ची एकच आहे.

दुसरी गोष्ट मावशींच्या पुढील हकिकतीतून सांगतो. त्या तीन महिने कामावर नव्हत्या. ठेकेदाराच्या माणसाला आजाराची रजा नसते. मजुरी बंद झाली आणि जागेवर दुसरी बाई आली. शेजारणींनी त्यांच्या हातचे पाणी पिणे सोडले. आमच्या मंडळीतही प्रभुभोजनाच्या वेळी एका भावांनी पाळकसाहेबांना हळूच विचारले, की त्यांना प्याला शेवटी द्यावा का? त्या भावांच्या मनात दुष्टपणा नव्हता, अज्ञान होते. हा रोग एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून प्याल्याने, हात मिळवल्याने किंवा खोकल्याने पसरत नाही. पाळकसाहेबांनी त्या रविवारी काही न बोलता मावशींना प्याला प्रथम दिला. आपल्याला रोगापासून जपायचे आहे, रोग्यापासून नव्हे. ज्याला लागण झाली आहे त्याचे काम काढून घेणे म्हणजे कठडा न बांधता पडलेल्यालाच घराबाहेर काढणे होय. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य देण्याची सोय आहे, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचाही त्यात समावेश आहे. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करून ती सोय आपल्या माणसांपर्यंत आणणे, एवढे तरी मंडळीतील शिकलेल्यांना जमेल.

मावशी बऱ्या झाल्या. सहा महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा विषाणू गेलेला होता. समितीत ही बातमी सांगितली तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले, मलाही वाटले. एक सभासद म्हणाले, शिवाय तो आजार त्याच सुईने झाला हे सिद्ध तरी कोण करणार? ते खरे होते. सिद्ध करता आले नसते. पण घरी येऊन मी अनुवादाचा तो अध्याय पुन्हा उघडला, आणि मला कळले की आमचे हायसे वाटणे आणि आमची ती शंका, दोन्ही तेथे निरुपयोगी आहेत. पडणारा वाचला म्हणून कठडा नव्हता हे काही खोटे ठरत नाही. आणि कठडा असता तर काही सिद्ध करण्याची वेळच आली नसती.

दुसऱ्या शमुवेलाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाची एक गोष्ट आहे. बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी कोणी पाजील का, असे तो तहानेने बोलून गेला. त्याचे तीन वीर शत्रूची छावणी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्याले नाही. जिवावर उदार झालेल्या माणसांचे हे रक्तच आहे असे म्हणून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. राजाला त्या पाण्यात रक्त दिसले, म्हणून तो राजा. आपण मात्र स्वच्छ वॉर्ड, धुतलेल्या चादरी आणि झाडलेली जमीन पाहतो, संस्थेचे नाव झाले म्हणून उपकारस्तुती करतो, आणि त्या स्वच्छतेत कोणाचे रक्त मिसळले आहे हे पाहत नाही.

पुढच्या बैठकीत मी माझेच अनुमोदन मागे घेत असल्याचे सांगितले आणि उरलेल्या १८ नावांचा विषय पुन्हा मांडला. तो मंजूर झाला. मावशींच्या जागी आलेल्या बाईंचे नाव त्या यादीत पहिले लिहिले गेले, आणि मावशींना पुन्हा कामावर घ्यावे असेही ठरले. यात माझा काही मोठेपणा नाही. जे आठ-दहा महिने आधी व्हायला हवे होते तेवढेच झाले. आपणांपैकी जे कोणी रुग्णालयाच्या, दवाखान्याच्या किंवा प्रसूतिगृहाच्या समितीवर बसतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढील बैठकीला जाताना ती यादी मागवा. ती वरून वाचू नका. खालून वाचायला सुरुवात करा.